पाणी चांगलं असलं की फोन येत नाही

आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या बाजूला एक खिडकी होती, आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर बाराही महिने बाटल्या उभ्या असायच्या. थंड पेयाच्या, गोड्या तेलाच्या, खोकल्याच्या औषधाच्या, एकदा तर सलाइनची. आत पाणी. गळ्याला रबरानं चिठ्ठी अडकवलेली असायची: गावाचं नाव, बोअर की विहीर, आणि एक मोबाइल नंबर. धर्माबादकडच्या बाटल्या मिरचीच्या पोत्यांबरोबर प्रवास करून यायच्या, त्या हाताळताना शिंका यायच्या. अर्धापूरच्या बाटल्या केळीच्या वाळल्या सोपटानं बांधलेल्या असायच्या. लातूरकडच्या बहुतेक एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायच्या आणि निम्म्या सांडलेल्या असायच्या. मी तिथं शिकवायला लागले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, विभागाचं भंगार इथं ठेवतात.

आमचं विद्यापीठ नांदेड आणि लातूरच्या मधे, माळावर. दोन्ही शहरांनी आपलं म्हणावं आणि दोन्ही शहरांतून यायचा कंटाळा यावा, अशा बेताच्या अंतरावर. खेड्यांतल्या लोकांना मात्र ते जवळचं वाटायचं, कारण तिथं पाणी तपासून मिळायचं आणि कुणी अर्ज मागायचं नाही.

हा उद्योग आमच्या सरांनी सुरू केला होता. ते विभागप्रमुख आणि मी त्यांचीच विद्यार्थिनी. सुरुवातीला ते रीतसर अहवाल टपालानं पाठवायचे. मग एकदा एका गावात गेले तर काय, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यांचाच अहवाल चौकट करून, हार घालून टांगलेला. ‘पिण्यास अयोग्य’ असं त्यात स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं. पण खाली विद्यापीठाचा गोल शिक्का होता ना! सरपंच कौतुकानं म्हणाले, सर, तुमच्या सर्टिफिकिटामुळं आमच्या पाण्याचं नाव झालं. त्या दिवसापासून सरांनी कागद बंद केला. म्हणाले, आता फक्त तोंडी. पण एवढ्या गावांना फोन करत बसलो तर शिकवायचं कधी? म्हणून त्यांनी एक सोपा नियम केला. पाणी वाईट निघालं तर आठ दिवसांत फोन करायचा. चांगलं निघालं तर करायचा नाही.

नियम गावागावांत पोचायला वेळ लागला नाही. बाटली ठेवायला आलेला माणूस दुसऱ्याला समजावून सांगायचा, ‘आठ दिस वाट बगायची. फोन न्हाई आला की बिनघोर प्यायचं.’ मी स्वतः शेकडो लोकांना हेच सांगितलं असेल. फोन करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. मी विद्यापीठातून बोलतेय म्हटलं की पलीकडचा माणूस एकदम गप्प व्हायचा, कारण विद्यापीठातून फोन म्हणजे काय हे त्याला ठाऊक असायचं.

सर निवृत्त होऊन लातूरला मुलाकडे राहायला गेले, आणि त्याच सुमाराला सरकारची ती योजना आली. देशातली काही विद्यापीठं निवडायची, त्यांना विशेष संशोधन विद्यापीठाचा दर्जा द्यायचा, भरपूर निधी द्यायचा, नेहमीच्या नियमांतून मोकळीक द्यायची आणि जगाच्या पंगतीला नेऊन बसवायचं. यात वाईट काय होतं? काहीच नाही. आमच्याकडे विषारी वाफ बाहेर ओढणारा पंखा कधी चालायचा, कधी रुसायचा. मार्चनंतर प्रयोगशाळेत पाणी नसायचं. पाण्यावर संशोधन करणारे आम्ही टँकरची वाट बघत बसायचो. आमची पोरं हुशार होती आणि पुण्या-मुंबईच्या पोरांपुढे नुसत्या यंत्रांअभावी मागं पडत होती. तो दर्जा मलाही हवा होता, चांगला मनापासून हवा होता. आपल्या माळावर कधी तरी सरकारचं लक्ष गेलं याचा आनंदच झाला होता.

मग गुणांची पद्धत कळली. शोधनिबंधाला गुण, पेटंटला गुण, परदेशी विद्यार्थ्याला गुण. परदेशी विद्यार्थी कुठून आणायचा यावर तर एक अख्खी बैठक झाली. बिदरच्या पोराला परदेशी धरता येईल का, असं एका प्राध्यापकांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं. आम्ही पोट धरून हसलो. आमच्यातलं ते बहुधा शेवटचं एकत्र हसणं असेल, कारण पुढच्या बैठकीपासून नवे संशोधन संचालक खुर्चीवर आले.

त्यांना बाहेरून आणलं होतं. माणूस अतिशय सभ्य. आवाज कधी चढवायचा नाही, कुणाचं बोलणं मधे तोडायचं नाही, आपण बोलत असताना मान हलवत राहायचं आणि शेवटी जे आधीच ठरवलेलं असेल तेच शांतपणे सांगायचं. मला राग लवकर येतो हे विभागात सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसापुढं तर माझं डोकं जास्तच तापतं, कारण भांडायला समोर काही सापडतच नाही.

‘मॅडम, ही पाण्याची तपासणी म्हणजे सेवा आहे. फार चांगली सेवा आहे,’ ते म्हणाले. ‘पण संशोधन नाही. या योजनेत सेवेला रकाना नाही.’

‘रकाना नाही म्हणून लोकांनी पाणी प्यायचं नाही का?’

‘त्यासाठी जिल्ह्याची प्रयोगशाळा आहे. आपण यंत्राचा प्रत्येक तास संशोधनाला दिला पाहिजे. समिती तेच बघणार.’

चुकीचं काही बोलत नव्हते ते. जिल्ह्याची प्रयोगशाळा होतीच. आमच्या लोकांना तिथं जायची सवय नव्हती, इतकंच. मी सरांना फोन करून रडगाणं गायले, तर सर म्हणाले, ‘बाई, दर्जा मिळू दे आधी. मग पैसा येईल, मग परत खिडकी उघडता येईल.’ मला ते पटलं. विभागात सगळ्यांनाच ते पटलं.

खिडकी विटांनी बुजवली. आत नवं यंत्र येणार होतं आणि त्याला धूळ चालत नाही असं सांगण्यात आलं. बाहेरच्या बाजूनं त्या भिंतीवर चकचकीत फलक लागला, त्यावर पांढऱ्या कोटातल्या, आमच्यापैकी कुणीही नसलेल्या एका गोऱ्या मुलीचा फोटो होता. दारांना काचा आल्या, अंगठ्याचं यंत्र आलं. बागेत नवी हिरवळ अंथरली. तपासणी तात्पुरती बंद असल्याची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत लागली. ती गावांतल्या लोकांनी वाचावी, अशी अपेक्षा होती.

बाटल्या थांबल्या नाहीत. कट्टा गेला तर लोक मागच्या पायरीवर ठेवून जायला लागले. मागच्या बाजूला कुणी नसायचंच, त्यामुळे ठेवणाऱ्याला विचारायला माणूस नसे आणि सांगायलाही. विभागाचे शिपाई मामा त्या उचलून जिन्याखाली लावून ठेवायचे. मला म्हणायचे, ‘मॅडम, लईच जमा होऊन राहिल्यात.’ मी म्हणायचे, राहू द्या, बघू. मी तेव्हा समितीपुढं मांडायच्या सादरीकरणात बुडालेली होते. आम्हाला सगळ्यांनाच एक धास्ती होती, की लोक चिडतील, एखादा पुढारी येऊन दार ठोकेल, पेपरात छापून येईल. संचालकांनाही ती धास्ती होती. तसं काहीच झालं नाही. उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि एकाही गावातून एक साधी विचारणासुद्धा आली नाही.

‘बघा मॅडम,’ संचालक एकदा मला चहा देत म्हणाले, ‘एवढी गरज असती तर कुणी तरी तक्रार केली असती ना?’

मी चहा घेतला. पण ती शांतता मला आवडली नव्हती, एवढं आठवतं. आमचे लोक असे गप्प बसणारे नाहीत. एसटी अर्धा तास उशिरा आली तर डेपो डोक्यावर घेतात. मी दोन-तीन दिवस अस्वस्थ होते, मग समितीची तारीख आली आणि मी ते विसरले.

माझी थोरली बहीण शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे. मी तिला अक्का म्हणते. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, मधे ओढा. लग्न होऊन आली तेव्हापासून अक्कानं पाणी वरच्या गावातून आणलं आणि त्या पाण्याबरोबर जे काही ऐकून घ्यावं लागतं तेही आणलं. त्या उन्हाळ्यात वस्तीला स्वतःची बोअर मिळाली. विहाराच्या शेजारी, उकिरड्यांच्या पलीकडे मारली आणि पाणी लागलं. अक्का फोनवर रडत होती. पाणी प्यायला सुरू केलं त्या दिवशी वस्तीनं वंदना घेतली, त्याच पाण्यात खीर शिजवली आणि वाटली. माझा भाचा कामाला लातूरला, सून बाळंतीण. अक्काला एकदमच नातू आणि पाणी मिळालं होतं.

नातवाच्या नामकरणाला मी गेले ते श्रावणात. समिती येऊन गेली होती, आम्ही निकालाची वाट बघत होतो. दुपारची वेळ, मंडपात माणसं जेवत होती. सुनेनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. बाळ गुटगुटीत नव्हतं, पण होतं छान. मी त्याचा हात हातात घेतला आणि नखं बघितली. मग ओठ बघितले.

‘अक्का, हे असं कधीपासून आहे?’

‘काय?’

‘ओठ. जांभळट दिसतायत.’

‘सावळं हाय गं लेकरू. आन् रडून रडून तसं होतंय. आठ-धा दिस झाले, किरकिर करून राहिलंय. डागदर म्हनला, सर्दी हाय.’

‘दूध तुझंच पितो ना?’ मी सुनेला विचारलं.

‘पुरत न्हाई मावशी. डब्याची पावडर देतो. पानी लई उकळून घेतो बगा, अक्षी निम्मं होईस्तोवर.’

आजूबाजूला ताटं वाजत होती, कुणी तरी जिलेबी वाढायला आलं होतं. मी विचारलं, पाणी कुठलं.

‘आपल्याच बोअरचं की,’ अक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता.

‘तपासलं होतं?’

‘मग? न तपासता लेकराला देईन का मी? तुझी भैन हाय मी. कंडक्टरच्या हातानं बाटली धाडली तुमच्याकडं. आठ दिस वाट बगितली. वस्तीत कुनालाच तोंड लावू दिलं न्हाई. तुमचा फोन आला न्हाई, मग चालू केलं.’

उकळून पाण्यातले जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी जितकं आटेल तितकं ते उरलेल्या पाण्यात दाट होतं. उकिरड्यातून आणि खतातून ते जमिनीत झिरपतं. मोठ्या माणसाला कळतसुद्धा नाही, पण तान्ह्या लेकराच्या रक्ताला मग प्राणवायू वाहून नेता येत नाही. हे मी वर्गात दर वर्षी शिकवते. माझी बहीण ते पाणी निम्मं आटवून, चमच्यानं मोजून, प्रेमानं पाजत होती.

आम्ही तशीच जीप काढली. लातूरला पोचेपर्यंत सून बाळाला उराशी धरून बसली होती आणि अक्का मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, ‘पन फोन तर आला न्हाई ना तुमचा?’ ती मला दोष देत नव्हती. ती आठवून बघत होती, की फोन आला आणि आपणच उचलला नाही, असं तर झालं नाही. दवाखान्यात डॉक्टरनं बाळाचं रक्त काढलं तेव्हा सिरिंजमध्ये ते लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तिनं लगेच ओळखलं. नसेतून औषध दिलं. संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग हळूहळू परत आला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाली, अजून दोन दिवस गेले असते तर मी काही करू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी सर डबा घेऊन दवाखान्यात आले. मी वस्तीच्या बोअरचं पाणी लातूरच्या एका महाविद्यालयात, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकडून तपासून घेतलं होतं. नायट्रेट मोठ्या माणसानंसुद्धा पिऊ नये इतकं होतं. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं होतं ते तसंच हातात राहिलं.

‘खिडकी बंद झाल्यापासून बाटल्या येतच होत्या?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘किती आल्या असतील गं?’

कुणी मोजल्याच नव्हत्या. जिन्याखालची ती रांग माझ्या डोळ्यांपुढं आली. रांगेतल्या प्रत्येक बाटलीमागं एक गाव होतं, त्या गावानं आठ दिवस वाट बघितली होती, आणि आमच्याकडून उत्तर गेलं होतं. आम्ही काही केलं नव्हतं, म्हणूनच उत्तर गेलं होतं. ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही: संचालकांच्या नाही, माझ्या नाही, सरांच्याही नाही. म्हणून तर कुणी तक्रार केली नव्हती. लोक नाराज नव्हतेच. त्यांना वाटत होतं, यंदा सगळ्यांचंच पाणी चांगलं निघालंय.

सरांनी झाकण परत डब्याला लावलं. मग म्हणाले, ‘मी जाताना हा नियम मोडून जायला पाहिजे होता. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय.’ म्हाताऱ्या माणसाला असं बघवत नाही. मी त्यांना जेवायला लावलं.

मी विद्यापीठात परत गेले तेव्हा फाटकावर कमान उभी होती. आम्हाला दर्जा मिळाला होता. पेढे वाटत होते, ढोलपथक आलं होतं, पोरं नाचत होती. मी आधी मागच्या बाजूला गेले. जिन्याखालची जागा स्वच्छ पुसलेली होती. मामांना विचारलं, तर ते खाली मान घालून म्हणाले, ‘समिती यायची म्हनून साफ करायला लावलं, मॅडम. पानी नव्या हिरवळीला घातलं. बाटल्या भंगारवाल्यानं नेल्या.’

‘आणि चिठ्ठ्या?’

‘बाटल्यांनाच होत्या की.’

मी संचालकांकडे गेले. त्यांच्या टेबलावर पेढ्यांचा ढीग होता. मी सगळं सांगितलं: बाळ, रक्ताचा रंग, नियम. ते नेहमीसारखे मान हलवत राहिले. मी म्हणाले, आजच्या आज जाहीर करायला हवं. रेडिओवर, पेपरात, दोन्ही जिल्ह्यांच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, की आम्ही एवढे महिने काहीही तपासलेलं नाही.

‘बाळ ठीक आहे ना आता?’ त्यांनी विचारलं.

‘माझ्या बहिणीच्या घरचं ठीक आहे.’

‘फार बरं झालं.’ ते थोडं थांबले. ‘मॅडम, तुमची तळमळ मी समजू शकतो. पण दर्जा मिळून आज पहिला दिवस आहे. पहिलं वर्ष निरीक्षणाचं असतं. विद्यापीठाच्या नावानं असं काही बाहेर गेलं, तर लोकांत घबराट होईल. कुठल्या गावांच्या बाटल्या होत्या हेही आपल्याला माहीत नाही. तूर्त आपण काहीच बोलू नये, हे उत्तम.’

‘सर, आपण काहीच बोललो नाही तर ते पाणी पिणार आहेत.’

‘तसं थेट म्हणता येणार नाही,’ ते म्हणाले आणि त्यांनी पेढा पुढं केला.

मी पेढा घेतला नाही. त्यांच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा मनात नुसता राग नव्हता. मला भीती वाटत होती. एवढी माणसं नाचत होती, आणि नांदेड-लातूरच्या कुठल्या कुठल्या घरांत त्याच वेळी कुणी तरी लेकरासाठी पाणी उकळत ठेवलं असणार होतं.

मी विद्यापीठाचं नाव वापरलं नाही असं नाही. वापरलंच. बागेतल्या बाकावर बसून मोबाइलवर लिहिलं: पाणी तपासायला विद्यापीठात बाटली दिली असेल आणि फोन आला नसेल, तर पाणी चांगलं आहे असं समजू नका. गेल्या कित्येक महिन्यांत एकही बाटली तपासलेली नाही. तान्ह्या लेकरांना ते पाणी देऊ नका, उकळूनसुद्धा देऊ नका. खाली माझं नाव आणि नंबर टाकला. विद्यार्थ्यांना, त्यांच्या गावच्या गटांना, कंडक्टरांना, अंगणवाडीताईंना, दिसेल त्याला पाठवलं. मला पुढं त्याचा लेखी खुलासा द्यावा लागला आणि खोलीही बदलावी लागली. ते असो.

पहिले काही तास नुसते जोडलेले हात आणि अंगठे येत राहिले. मग फोन यायला लागले. बहुतेकांना बाटली आता कुठं द्यायची एवढंच विचारायचं होतं. मी त्यांना सरांच्या त्या विद्यार्थ्याचं नाव सांगत होते. काही जण शिव्या देऊन गेले, त्या मी ऐकून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईचा फोन आला. धर्माबादच्या पलीकडचं, सीमेवरचं गाव. आवाज कोवळा होता. मधूनच ती बाजूच्या कुणाला तरी तेलुगूत गप्प बसायला सांगत होती.

‘तुमीच का त्या पान्याच्या मॅडम? आमी बी बाटली दिली होती. उनाळ्यात. नवी बोअर होती.’

‘लहान लेकरू आहे का घरात?’

‘होतं,’ ती म्हणाली.

मी खोलीचं दार लावून घेतलं.

‘दीड महिन्याचं होऊन गेलं, मॅडम. माझं दूध घोट-दोन घोट यायचं, वरून डब्याचं पाजायचो. काळंनिळं पडलं. पान्यानं गेलं का ते?’

‘त्या बोअरचं पाणी मला आणून देता येईल?’

‘ती आटली. आता टँकर येतो.’

म्हणजे बाटली गेली होती, आणि बोअरही गेली होती. तपासायला जगात कुठं काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, असू शकतं. बहुतेक तसंच असेल. नक्की सांगणं अवघड आहे.

‘असू शकतं म्हनू नका मॅडम, हाव म्हना,’ ती एकदम घाईनं बोलायला लागली. ‘सासू म्हनती, माझं दूधच नासकं. त्यानंच लेकरू गेलं म्हनती. जावेच्या लेकराला हात लावू देत न्हाई मला. तुमी शिकलेले हाव, तुमचं ऐकंल ती. थांबा, तिला देते. तिला सांगा.’

मी नको म्हणायच्या आत फोन दुसऱ्या हातात गेला होता. बांगड्यांचा आवाज आला, कुणी तरी खोकलं.

‘हां, बोला,’ एक म्हातारा आवाज म्हणाला.

मी माझं नाव सांगितलं. विद्यापीठातून बोलतेय असं सांगितलं. आयुष्यभर मी नमुना हातात असल्याशिवाय निष्कर्ष काढलेला नाही, आणि पोरांनी काढला तर त्यांचे गुण कापले आहेत. मी म्हणाले, ‘आजी, तुमचं नातवंड पाण्यानं गेलं. सुनेच्या दुधाचा काही दोष नव्हता. पाणीच वाईट होतं.’

मागं त्या पोरीच्या हुंदक्यांचा आवाज येत होता.

‘मग तवाच कामून सांगितलं न्हाई?’ म्हातारीनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि उत्तर येईल म्हणून फोन कानाला धरून थांबली होती.